चौसष्टांत एक कलिंगड

नूरुद्दीन सारंगच्या नऊ वर्षांच्या कमाईतून गावात काय उभं राहिलं, असं कुणी विचारलं तर उत्तर सोपं आहे. सहा संडास आणि एक गटार. ही थट्टा नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या त्याच्या खाडीकाठच्या मोहल्ल्यात जाऊन कुणीही बघून यावं. संडास अजून शाबूत आहेत, दारं तेवढी दोनदा बदलली.

तेव्हा नूरुद्दीन परदेशी प्रवासी बोटीवर नोकरीला होता. बोटीवर कॅसिनो होता आणि तिथली जुगाराची मशिनं दुरुस्त करणं हे त्याचं काम. आयटीआय केलेला, हाताने हुशार, पगार डॉलरमध्ये. पहिले पैसे घरी पोचले तसा त्याच्या आईने, रबियाने, मौलवींना विचारायचीही वाट न बघता निकाल देऊन टाकला. जुगाराचा पैसा तिच्या चुलीवर चढणार नव्हता, मशिदीला लागणार नव्हता, कुणाच्या लग्नातही जाणार नव्हता. बँकेच्या व्याजाचे, धर्माला न चालणारे पैसे मोहल्ल्यातले लोक जिथे घालत, तिथेच हे पैसे जाणार होते. म्हणजे संडासात. बाई स्वतः सुकी मासळी विकून खात राहिली आणि मुलाच्या डॉलरांतून मोहल्ल्याची सोय करत राहिली. नूरुद्दीन सुट्टीवर आला की समजावून समजावून थकायचा. आपण पत्त्याला हात लावत नाही, फासा टाकत नाही, नुसते स्क्रू पिळतो, असं त्याचं म्हणणं.

"मग ते स्क्रू पिळल्याचे संडास," आई म्हणाली, आणि विषय तिथेच संपला.

आईमुळे त्याने बोट सोडली असं लोक सांगतात, ते अर्धंच खरं आहे. बोटीवर एक म्हातारी बाई होती. रोज सकाळी नाश्ता झाला की त्याच एका मशिनपाशी येऊन बसायची, बटण दाबून दाबून अंगठ्याला पट्टी बांधलेली. एकदा ते मशिन अडकलं आणि नूरुद्दीन ते उघडायला गेला. बाईने त्याचा हात धरला आणि विचारलं, आता लागणारच होतं ना रे, बघ ना, किती जवळ आलं होतं. जवळबिवळ काही आलेलं नाही हे नूरुद्दीनला पक्कं ठाऊक होतं, कारण त्या मशिनचं पोट त्याच्यासमोर उघडं होतं. पण पाहुण्यांशी मशिनविषयी बोलायचं नाही, असा बोटीवरचा नियम. तो गप्प बसला. तो गप्पपणा त्याला पुढे कितीतरी वर्षं पचला नाही.

मग कुवैत. सतरा वर्षं झाली आता. शुवैखच्या गॅरेजांच्या रांगेत, एका बाजूला टायरवाला आणि दुसऱ्या बाजूला एसी दुरुस्तीवाला, यांच्या मध्ये त्याच्या कंपनीचं वर्कशॉप आहे. मॉलमध्ये मुलांचे खेळ असतात ना, डोलणारे घोडे, बास्केटबॉलचे हूप, खेळणी उचलणारे पंजे, ती सगळी मशिनं इथे दुरुस्तीला येतात. नोकरी लागल्यावर आईने फोनवर रीतसर उलटतपासणी घेतली. यात कोण हरतं, असं तिने विचारलं. नूरुद्दीनने सांगितलं की पोर घोड्यावर बसतं, घोडा हलतो, पोर उतरतं, बस. आई म्हणाली की या पैशाचा भात चालेल. त्या पैशावर घराला स्लॅब पडला, मुलगी निदा नर्सिंग शिकली, आई स्वतः मक्केला जाऊन उमरा करून आली आणि समाधानाने गेली. सतरा वर्षांच्या पगारावर आईचा शिक्का होता, आणि नूरुद्दीन त्या शिक्क्याला इकाम्याच्या, म्हणजे तिथल्या रहिवासी परवान्याच्या, शिक्क्याहून जास्त जपत असे.

आता तो कुवैतमधल्याच महबूलाला निदाच्या बिल्डिंगमध्येच राहतो, एक मजला खाली. निदा हॉस्पिटलमध्ये नर्स, जावई मुझफ्फर कार्गोत. त्यामुळे त्यांची आठ वर्षांची अफ्रीन शाळा सुटली की सरळ नानीकडे, म्हणजे नूरुद्दीनच्या बायकोकडे, हफिजाकडे येते. जेवणं, अभ्यास, कुरबुरी, सगळं तिथेच. ती नानीशी कोकणी बोलीत भांडते आणि नानाला इंग्रजीत उत्तरं देते. हफिजाचा इकामा नूरुद्दीनच्या इकाम्यावर, आणि नूरुद्दीनचा इकामा कंपनीवर. साठीला आलेल्या मेकॅनिकला दुसरी कंपनी कोण देणार? नोकरी गेली की दोघांनी गावी जायचं आणि अफ्रीन इथे. हे घरात कुणी बोलत नसे, पण सगळ्यांना ठाऊक होतं.

आता शैलेशविषयी. शैलेश कंपनीचा ऑपरेशन मॅनेजर, पुण्याचा, पस्तिशीचा, बोलायला गोड. वाईट माणूस नव्हे, आणि खरा राग त्याचाच येतो, कारण वाईट माणसाकडून निदान आपली काही अपेक्षा नसते. वर्कशॉपमध्ये चहाच्या वेळी नूरुद्दीन मशिनांच्या गोष्टी सांगत असे, त्या ऐकायला शैलेश ऑफिसातून मुद्दाम खाली यायचा. गोष्टी होत्याही तशा. जुगाराच्या मशिनवर चेरी, संत्री, कलिंगडं का असतात? तर शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत रोख बक्षिसांवर बंदी आली, तेव्हा मशिनवाल्यांनी साळसूदपणे च्युइंगगम द्यायला सुरुवात केली. चित्रातलं फळ म्हणजे त्या गमचा स्वाद. फळांमध्ये जी काळी पट्टी दिसते तो गमच्या पाकिटाचा छाप, असं म्हणतात. बंदी पुढे ढिली पडली, गम गेला, फळं राहिली.

तीन चाकांचं पहिलं गाजलेलं मशिन सॅन फ्रान्सिस्कोत एका जर्मन मेकॅनिकने आपल्या छोट्या वर्कशॉपात बनवलं होतं. हे सांगताना नूरुद्दीनच्या आवाजात जातभाईचा अभिमान यायचा. तो मेकॅनिक मशिन कुणाला विकत नसे, भाड्याने देई. मग म्हणे एका दारूच्या दुकानात चोरी झाली आणि चोराने काय नेलं, तर एक मशिन आणि दुकानदाराचा एप्रन. रूलेटचं चाकही असंच. कधीही न थांबणारं यंत्र बनवायला निघालेल्या एका फ्रेंच विद्वानाच्या धडपडीतून ते जन्मलं अशी दंतकथा आहे, आणि त्यावरचे एक ते छत्तीस आकडे मिळवले तर बेरीज सहाशे सहासष्ट, म्हणजे ख्रिस्ती लोक सैतानाचा मानतात तो आकडा, येते, हे मात्र कुणीही कागदावर करून बघावं. 'हॅझर्ड' या फाशांच्या इंग्रजी खेळाचं नाव अरबीतून गेलं असं बरेच जाणकार मानतात. शेजारच्या गॅरेजमधले इजिप्शियन मेकॅनिक दुपारी तवला हा सोंगट्यांचा डाव खेळताना फाशाला अजून 'जहर'च म्हणतात. आणि कुवैती लोक दिवाणियात, म्हणजे पुरुषांच्या बैठकीच्या खोलीत, पैसे न लावता जो 'कोत' नावाचा पत्त्यांचा डाव मांडून बसतात, तो नूरुद्दीनला बघताक्षणी समजला होता. लहानपणी खाडीवर खेळलेल्या मेंढीकोटाचा तो नक्कीच नात्यातला. खजूर घेऊन आपल्या किनाऱ्याला येणाऱ्या गलबतांबरोबर तो इकडे आला असावा, असं त्याचं अनुमान होतं.

शैलेशने एक दिवस वही काढली. महबूलाच्या कंपनीच्याच प्ले सेंटरमध्ये मशिनांची नवी रांग लागणार होती, भिंतीवर मुलांसाठी माहितीच्या पाट्या लावायच्या होत्या, खेळांच्या इतिहासातल्या कुणाला ठाऊक नसलेल्या गोष्टी. नूरचाचा, तुम्ही सांगा, मी लिहून घेतो. नूरुद्दीन हरखला. एकोणसाठ वर्षांत त्याचं बोलणं कुणी लिहून घेतलं नव्हतं. त्याने सहा गोष्टी सांगितल्या आणि मग सातवी आपण होऊन सांगितली, कारण त्याच्या मते मुलांना शिकवायचीच असेल तर हीच शिकवायला हवी.

सातवी गोष्ट अशी. जुन्या मशिनचं चाक लोखंडी होतं, त्यावर जितकी चित्रं दिसत तितकीच असत. १९८४ साली अमेरिकेत एका नॉर्वेजियन माणसाने पेटंट घेतलं आणि चाकाच्या पोटात दुसरं, न दिसणारं चाक आलं. बाहेर समजा बावीस चित्रं फिरताना दिसतात. आत चिपमध्ये चौसष्ट खण आहेत. कुठलं चित्र थांबणार ते आतलं चाक ठरवतं. मोठ्या बक्षिसाच्या चित्राला आत एकच खण देतात, आणि त्याच्या अगदी वरच्या आणि अगदी खालच्या जागेला भरपूर खण देतात. म्हणून बक्षीस सारखं एका बोटावर येऊन हुकतं. ते हुकत नसतं, हुकवलेलं असतं. बोटीवरच्या त्या म्हातारीला जे सांगायला हवं होतं ते नूरुद्दीनने शैलेशच्या वहीत उतरवलं आणि त्याला जरा हलकं वाटलं.

महिनाभराने नवी रांग लागली आणि नूरुद्दीनला सेटिंगसाठी बोलावणं आलं. भिंतीवर पाट्या होत्या, इंग्रजीत आणि अरबीत, चकचकीत. प्रत्येक पाटीवर एक हसरा दाढीवाला म्हातारा, हातात स्क्रू-ड्रायव्हर, खाली नाव 'अंकल नूर'. आपलं कार्टून बघून नूरुद्दीन लाजला. मग त्याने पाट्या मोजल्या. सहा होत्या.

पाट्यांखाली बारा नवी मशिनं होती. तीन चाकं, चेरी, संत्री, कलिंगड. पैसे भरलेलं कार्ड टेकवायचं, चाकं फिरतात, मुलाने लाल बटण दाबून ती थांबवायची. तीन कलिंगडं आली तर काचेआडची सायकल. नाही तर दोनचार तिकिटं, त्यावर पेन्सिल किंवा खोडरबर. नूरुद्दीनने पहिल्या मशिनचं मागचं दार उघडलं आणि तो तसाच उकिडवा बसून राहिला. आतला सर्किट बोर्ड नव्या कंपनीचा होता, पण मांडणी तो झोपेतही ओळखेल अशी. मेन्यूत गेला. चौसष्ट खण. कलिंगडाला एक. कलिंगडाला लागून वरच्या जागेला सात, खालच्या जागेला सात. लाल बटण दाबल्याने काहीही होत नव्हतं. कार्ड टेकताच निकाल लागून जात होता, बटण नुसतं पोराच्या बोटाला काम म्हणून.

तो शैलेशकडे गेला. सातवी पाटी कुठे गेली, एवढंच त्याने आधी विचारलं. ती जरा टेक्निकल होती, असं उत्तर आलं. मग त्याने बोर्डाचं सांगितलं. शैलेशने हसून समजूत घातली. आपण पैसे देतच नाही, तिकिटं देतो. हा कौशल्याचा खेळ आहे, कागदोपत्री तशी नोंद आहे. मुलांना मजा येते, आईबाप निवांत कॉफी पितात. शिवाय सेटिंग कारखान्यातूनच आलंय, आपण कुठे काय केलं?

कारखान्यातून आलंय! जगातली किती पापं या एका वाक्याच्या पदराआड झाकली जातात. आठ वर्षांच्या पोराला जुगाराची सवय लावायची, त्याला खेळ म्हणायचं, त्यावर एका नमाजी म्हाताऱ्याचं हसरं तोंड चिकटवायचं, आणि वर म्हणायचं की आपण काय केलं. बोटीवरचा कॅसिनो निदान स्वतःला कॅसिनो म्हणवत होता, आणि तिथे लहान मुलांना दारातूनच परत पाठवत.

घरी हे ऐकून हफिजाने दोन वाक्यांत ऐकवलं. तुम्ही स्क्रू पिळा आणि गप्प रहा. तुमची जीभ चालली तर आपण दोघं गावी, आणि पोरीला कुलूप लावून कोंडणार का निदा? तिचं चूक नव्हतं. नूरुद्दीन दोन महिने गप्प राहिला. रांगेतली मशिनं बिघडली तर दुरुस्त करत राहिला, पगार घेत राहिला, आणि त्या पगाराचा भात त्याच्या घशाखाली पूर्वीसारखा उतरेना.

मग एका गुरुवारी अफ्रीनच्या वर्गातल्या मुलीचा वाढदिवस तिथेच झाला. संध्याकाळी ती घरी आली ती डोळे चमकवत. ईदीचे साठवलेले सगळे पैसे तिने कार्डात भरून संपवले होते. हातात दोन खोडरबर. पण तिला दुःख नव्हतंच. "नाना, आय वॉज सो क्लोज," ती म्हणाली. "टू वॉटरमेलन्स, अँड द थर्ड वन जस्ट अ लिटल बिट अप. नेक्स्ट टाइम आय विल प्रेस फास्टर." आणि तिने अंगठा वरखाली करून दाखवला, पुढच्या वेळी कसा दाबणार ते.

नूरुद्दीनने तो अंगठा आपल्या मुठीत धरून थांबवला.

शुक्रवारी सकाळी, सुट्टी असूनही, तो शुवैखला वर्कशॉपमध्ये गेला. तिथे तिकिटांची कोरी गुंडाळी होती, मशिनमधून मुलांना मिळतात तीच, एकाला एक जोडलेली. त्याने मोजून चौसष्ट तिकिटं सोडली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर एकेका तिकिटावर मार्करने चित्रं काढायला बसला. चेरी, संत्री, पट्टी, चेरी. मेन्यूतला क्रम त्याला पाठ होता. चित्रकला बेताची, संत्री बटाट्यासारखी आली. चौदा तिकिटं त्याने पिवळी रंगवली. एका तिकिटावर कलिंगड काढलं, हिरवं, लाल, बियांसकट, सगळ्यांत मन लावून.

जुम्म्याची नमाज झाल्यावर तो अफ्रीनचा हात धरून प्ले सेंटरमध्ये गेला. शुक्रवारची दुपार, म्हणजे अर्धी महबूला तिथे. त्याने पहिल्या मशिनच्या पायाशी गुंडाळीचं टोक चिकटवलं आणि ती जमिनीवर उलगडत गेला. चौसष्ट तिकिटं म्हणजे तीन मीटरांच्या वर लांबी, रांगेपासून थेट चपलांच्या रॅकपर्यंत. मग तो अफ्रीनला म्हणाला की हे त्या एका चाकाचं आतलं चाक आहे, यात कलिंगड शोध.

अफ्रीन वाकून चालायला लागली. आणखी चारसहा मुलं तिच्या मागे आली. चेरी, संत्री, चेरी, पट्टी. मुलं रॅकपर्यंत गेली आणि परत आली. कलिंगड एकच होतं. मग पिवळी काय आहेत, असं कुणीतरी विचारलं. नूरुद्दीन तिथेच जमिनीवर मांडी घालून बसला आणि त्याने सांगितलं, आधी हिंदीत आणि मग आपल्या मोडक्यातोडक्या अरबीत. जिंकायचं एक. ही पिवळी चौदा म्हणजे 'थोडक्यात हुकलं'. ते थोडक्यात तुम्ही हुकवत नाही, ते आत आधीच भरून ठेवलंय. बटण कितीही पटकन दाबा, बटणाला तार आहे पण अक्कल नाही. तीन चाकांवर तीन कलिंगडं एकदम यायला बाहेरचं चाक बघाल तर दहा हजारांत एकदा वाटेल. आतलं चाक बघाल तर अडीच लाखांच्या वर खेळांत एकदा.

"सो आय वॉज नॉट क्लोज?" अफ्रीनने विचारलं.

"नाय बाय," नूरुद्दीन म्हणाला. "जवळ कोणीच नसतं. कलिंगड असतं, नाय तर नसतं."

हे बोलताना त्याला ती पट्टी बांधलेल्या अंगठ्याची म्हातारी आठवली. वीसेक वर्षं उशीर झाला होता.

कॉफी सोडून काही आया उठून आल्या. एका केरळी बाईने तिकिटांच्या पट्टीचा व्हिडिओ काढला. एका कुवैती आजोबांनी काठीने पिवळी तिकिटं मोजली, नातवाच्या हातातलं कार्ड काढून खिशात टाकलं आणि ते त्याला घेऊन निघून गेले. तासाभरात शैलेश धावत आला. आधी त्याने पट्टी गोळा करायला माणूस लावला. मग नूरुद्दीनला बाजूला घेतलं. आवाज खरंच काळजीचा होता. वरून फोन आलाय, नूरचाचा. एक कागद बनवतो, तुमच्या हातून गैरसमजाने झालं, तुमची माहिती जुन्या मशिनांची होती, एवढंच लिहायचं. सही करा, मी सांभाळून घेतो. हफिजाचाचींचा विचार करा, या वयात कुठे जाणार?

नूरुद्दीनने कागद वाचला. इंग्रजी सोपं होतं. त्यात लिहिलं होतं की आपण जे सांगितलं ते खरं नाही. "शैलेशसाहेब," तो म्हणाला, "एकदा मी गप्प बसलो, त्याचे माज्या आईने संडास बांधले. आता तर तुम्ही खोटं बोलायची सही मागताव. त्याचं काय बांधायचं?"

शैलेशला हे काहीच कळलं नाही. कळणार तरी कसं? त्याने परत पेन पुढे केलं. नूरुद्दीनने पेन घेतलं नाही. कमरेचा मशिनांच्या किल्ल्यांचा जुडगा काढून टेबलावर ठेवला, खिशातून स्वतःचा स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि तो भिंतीकडे गेला. एका पाटीला चार स्क्रू. शैलेश मागून सांगत होता की हे कंपनीचं आहे, डिझाइनचे पैसे दिलेत. पाटी तुमची, तोंड माझं, नूरुद्दीन म्हणाला आणि पिळत राहिला. चोवीस स्क्रू त्याने शांतपणे काढले, बशीत नीट गोळा करून ठेवले, कारण स्क्रू खरंच कंपनीचे होते. सहा पाट्या काखेत मारून तो बाहेर पडला. त्याला कुणी अडवलं नाही.

बारा मशिनं बंद झाली का? नाही. दोन दिवस त्यांवर कापड होतं, आणि मग ते निघालं. भिंतीवर आता पाट्यांऐवजी फुगे रंगवलेत. कागदपत्रं चोख असलेल्या अन्यायाला कुणी हात लावत नाही, आणि एका म्हाताऱ्याचा इकामा रद्द करायला मात्र एक अर्ज पुरतो. तो झालाही. सामान आवरायला महिना मिळाला. निदाने संध्याकाळची ड्युटी सोडून सकाळची मागून घेतली आणि शेजारच्या एका बाईला पैसे देऊन अफ्रीनची सोय लावली. मुझफ्फर सासऱ्याशी आठवडाभर बोलला नाही, आणि मग एक दिवस स्वतः जाऊन दोघांची तिकिटं काढून आला.

नूरुद्दीनला धास्ती होती ती हफिजाची.  भांडीकुंडी वर्तमानपत्रात गुंडाळत ती दिवसभर वाकलेली असे. शेवटच्या हिशेबाचे पैसे बँकेत जमा झाल्याचा मेसेज आला त्या दुपारी ती बुरखा चढवून खाली गेली आणि बऱ्याच वेळाने परत आली. पिशवीतून तिने नोटा काढल्या. सगळ्या नव्हे, दोन महिन्यांच्या पगाराइतक्याच. त्या दोन महिन्यांच्या, जेव्हा तिनेच त्याला गप्प रहायला सांगितलं होतं. दूध पावडरचा एक रिकामा डबा धुऊन पुसून कोरडा केलेला होता. तिने नोटा त्यात घातल्या, झाकण बसवलं आणि डबा इतर सामानापासून वेगळा, दारापाशी ठेवला.

"हे जेवणात नाय घालणार मी," ती म्हणाली. "गावच्या शाळेत पोरींना संडास नाय अजून."

मग ती भात बघायला आत गेली. नूरुद्दीन ताटावर बसला आणि त्या दिवशी त्याने दोनदा भात मागून घेतला.